जुन्या गाडीचा डगमगणारा साइड मिरर : ढिला सांधा कसा ओळखावा आणि कसा घट्ट करावा

रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलचा एकच दिवा आरशात दोन-तीन दिव्यांसारखा थरथरताना दिसू लागला, किंवा खड्ड्यातून गाडी गेल्यावर आरशात रस्त्याऐवजी आभाळ दिसू लागले, की साइड मिरर सैल झाला आहे हे सांगायला मिस्त्रीची गरज उरत नाही. प्रश्न असतो तो त्यापुढचा. बहुतेक वेळा फेव्हिक्विकचे दोन थेंब सोडले जातात, नाहीतर काळ्या चिकटपट्टीचे चार वेढे दिले जातात, आणि काही दिवसांतच आरसा पुन्हा मान टाकतो. असे होते, कारण नेमके काय सैल झाले आहे हे कोणी पाहिलेलेच नसते. दाराबाहेरच्या आरशात एक नव्हे, तर चार जोड असतात. त्यांपैकी दोन अजिबात हलता कामा नयेत आणि उरलेले दोन हलले पाहिजेत, पण हाताने जोर लावल्यावरच हलले पाहिजेत, अशा बेताने ते बनवलेले असतात. न हलणारा जोड घट्ट आवळणे आणि हलणारा जोड पुरेसा कडक करणे ही दोन निराळी कामे आहेत. त्यांची गल्लत झाली की साधी दुरुस्ती नव्या आरशाच्या खर्चावर जाऊन थांबते.

आरशाचा किंचितसा ढिलेपणाही का खपवून घेऊ नये, हे शाळेत शिकलेल्या परावर्तनाच्या नियमावरून समजते. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असल्यामुळे आरसा एक अंशाने कलला की त्यावरून परतणारा किरण दोन अंशांनी वळतो, म्हणजे आरशाची प्रत्येक चूक दृष्टीपर्यंत पोहोचताना दुप्पट होते. सपाट आरसा केवळ एक अंश कलला, तर ५० मीटर मागे असलेली जागा सुमारे पावणेदोन मीटर सरकलेली दिसते. आपल्याकडच्या महामार्गावरील एका मार्गिकेची रुंदी साधारण ३.५ मीटर असते, त्यामुळे मागचे वाहन आपल्या मार्गिकेत आहे की शेजारच्या, हा अंदाज एवढ्यानेच बिघडू शकतो. हा झाला कललेल्या आरशाचा हिशेब. थरथरणाऱ्या आरशात तर हाच कल सेकंदात कित्येकदा उलटसुलट होतो आणि डोळ्यांना प्रतिमेऐवजी नुसता फराटा दिसतो.

ही तक्रार आरशाइतकीच जुनी आहे. ३० मे १९११ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली, तेव्हा इतर गाड्यांत चालकाशेजारी मागचे पाहण्यासाठी एक मेकॅनिक बसलेला असे. रे हॅरून मात्र 'मार्मन वॉस्प' या एकाच आसनाच्या गाडीत एकटे बसले आणि त्यांनी समोर एक आरसा बसवून घेतला. शर्यत त्यांनी जिंकली, पण विटांनी बांधलेल्या त्या धावपट्टीवर आरसा इतका हादरत होता की त्यात काहीच धड दिसत नव्हते, असे त्यांनीच पुढे सांगितले. आपल्या रस्त्यांवर पंधरा-वीस वर्षे धावलेल्या गाडीच्या आरशाकडून फार वेगळी अपेक्षा करता येणार नाही.

आता ते चार जोड पाहू. पहिला जोड म्हणजे आरशाचा पाया आणि दाराचा पत्रा यांचा. खिडकीच्या पुढच्या त्रिकोणी कोपऱ्यात, आतल्या बाजूला एक प्लास्टिकचे झाकण असते. त्यामागे बहुधा तीन बोल्ट, नट किंवा जाड स्क्रू असतात आणि सगळा आरसा त्या तिघांवर तोललेला असतो. दुसरा जोड म्हणजे आरसा दाराकडे मिटवण्याची बिजागरी. हिच्यात एक दणकट स्प्रिंग दोन खाचेदार भाग एकमेकांवर दाबून धरते, त्यामुळे आरसा आपल्या जागी 'टक्' असा आवाज करून बसतो. तिसरा जोड काचेच्या पाठीमागे असतो, आणि त्याची रचना आपल्या खांद्याच्या उखळी सांध्यासारखी असते : एक गोल डोके वाटीत बसते आणि स्प्रिंगच्या दाबामुळे होणाऱ्या घर्षणावर काच हव्या त्या कोनात टिकून राहते. चौथा जोड म्हणजे काच आणि तिच्यामागची प्लास्टिकची पाटी यांमधला चिकट थर. पहिला आणि चौथा न हलणारे, दुसरा आणि तिसरा हलणारे. एवढे लक्षात ठेवले तरी अर्धे काम झाले.

कोणता जोड ढिला आहे, हे शोधण्यासाठी हत्यार लागत नाही. गाडी बंद करून एका हाताने आरशाचा पाया, म्हणजे दाराला चिकटलेला भाग, घट्ट धरावा आणि दुसऱ्या हाताने बाहेरचे कवच हळूहळू वर-खाली हलवून पाहावे. पायाच दारापासून सुटल्यासारखा वाटला, किंवा त्याच्या कडेची फट उघडझाप करताना दिसली, तर दोष पहिल्या जोडात आहे. पाया स्थिर असून कवच डुगडुगत असेल, तर दोष बिजागरीत आहे. मग कवच धरून काचेच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने बोट टेकवावे. काच पाटीसकट सहज डोलली, तर उखळी सांधा सैल आहे. काच बारीकशी सरकली किंवा एक कोपरा उचलला गेल्यासारखा वाटला, तर चिकट थर सुटला आहे. सहसा एकच जोड दोषी निघतो. जुन्या गाडीत दोन निघाले तर पायापासून सुरुवात करून बाहेर काचेकडे जावे, कारण पाया हलत असताना पुढच्या सांध्याची परीक्षा खरी ठरत नाही.

एक चकवा मात्र आधीच बाजूला काढायला हवा. आरसा फक्त सिग्नलला गाडी उभी असताना थरथरत असेल आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबताच स्थिर होत असेल, तर आधी इंजिनाच्या माउंटिंगचे, म्हणजे इंजिन ज्या आधारांवर बसवलेले असते त्यांचे, रबर तपासून घ्यावे. मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरच्या गाडीचे इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला सुमारे ९०० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांत तीन याप्रमाणे सेकंदाला बावीस-तेवीस झटके बसतात. माउंटिंगचे रबर कडक झाले किंवा फाटले की हे झटके पत्र्यातून थेट दारापर्यंत पोहोचतात. अशा वेळी आरसा आवळत बसणे म्हणजे छत गळत असताना फरशी पुसत बसण्यासारखे आहे.

पायाचे बोल्ट ढिले होणे हा सर्वांत जास्त आढळणारा आणि सुदैवाने सर्वांत सोपा दोष आहे. दार दिवसातून अनेकदा आपटले जाते, पाया आणि पत्रा यांमधले रबर वर्षानुवर्षे दबून चपटे होते आणि बोल्टवरचा ताण आपोआप उतरतो. म्हणजे बोल्ट फिरून सैल झालेला असेलच असे नाही. अनेकदा त्याच्याखालचे रबरच बसलेले असते. आतले त्रिकोणी झाकण काढताना घाई करू नये. ते बहुधा प्लास्टिकच्या दोन-तीन खुंट्यांवर नुसते दाबून बसवलेले असते, पण जुने प्लास्टिक ठिसूळ झालेले असते आणि लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने उचकटले तर खुंटी मोडते, शिवाय दाराच्या रंगावर ओरखडा उठतो. जुने एटीएम कार्ड किंवा लाकडी चमचा झाकणाच्या कडेखाली सरकवून, थोडे थोडे उचलत, खुंट्यांच्या जवळूनच ओढावे. आतून आरसा फिरवण्याची दांडी असलेल्या गाड्यांत आधी त्या दांडीचे टोक किंवा रबरी टोपी काढावी लागते.

झाकण निघाले की दाराच्या पोकळीत जाणाऱ्या भोकांत जुन्या फडक्याचा बोळा कोंबावा. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण हातातून निसटलेला नट दाराच्या पोटात पडला तर तो शोधण्यासाठी आतले पूर्ण पॅनेल उघडावे लागते, आणि तो तसाच राहू दिला तर काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेत अडकू शकतो. मी स्वतः असा एक नट दाराच्या तळाशी खुळखुळत असताना दोन महिने गाडी चालवली आहे, आणि प्रत्येक वळणावर तो आपल्या अस्तित्वाची आठवण करून देत असे.

पुष्कळ गाड्यांत या बोल्टना १० नंबरचा पाना लागतो. तिन्ही बोल्ट एकदम न आवळता आळीपाळीने पाव-पाव फेरा द्यावा, म्हणजे पाया तिरका बसत नाही, आणि जोर केवळ मनगटाचा लावावा. पायाचे प्लास्टिक किंवा त्याच्या आतले ओतीव धातूचे कान जास्त जोराने तडकतात, आणि मग बोल्ट घट्ट असूनही आरसा सैल राहतो. बोल्ट फिरतच राहिला, पण आवळला जात नसेल, तर त्याचे आटे गेले आहेत असे समजावे. तेव्हा नटाची बाजू मोकळी असल्यास नवा नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला आणि सहज न सुटणारा नट, लावावा. पत्र्यालाच नट जोडलेला असेल, तर वर्कशॉपमध्ये एक माप मोठे आटे पाडून घ्यावेत किंवा रिव्हेट नट, म्हणजे पत्र्याच्या भोकात दाबून पक्का बसवायचा नट, बसवून घ्यावा. निळ्या रंगाचे, पुन्हा उघडता येईल असे थ्रेड लॉक, म्हणजे आट्यांवर लावायचे चिकट द्रव्य, बाजारात मिळते. धातूवर धातू असेल तिथे त्याचा एक थेंब उपयोगी पडतो, पण एबीएससारख्या प्लास्टिकला ते लागले तर प्लास्टिकला बारीक तडे जाऊ शकतात, म्हणून प्लास्टिकच्या पायाजवळ त्याऐवजी स्प्रिंग वायसर वापरणे बरे.

रबर चपटे झाले असेल तर ते बदलल्याशिवाय बोल्ट आवळण्याला फारसा अर्थ नाही, कारण पत्रा आणि पाया यांच्यातला दाब टिकवून ठेवण्याचे काम तेच करते. मूळ रबर मिळत नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबमधून पायाच्या आकाराचा तुकडा कापून, बोल्टांच्या जागी भोके पाडून तो बसवता येतो. या रबराचे दुसरेही काम आहे. महामार्गावर ऐकू येणारी शिट्टी आणि पावसाळ्यात दाराच्या आतून ओघळणारे पाणी, या दोन्ही गोष्टी अनेकदा याच फटीतून येतात. कोकणात खाऱ्या हवेमुळे हे बोल्ट गंजून धरलेले सापडतात. तिथे डब्ल्यूडी-४० फवारून निदान अर्धा तास वाट पाहावी आणि मगच पाना लावावा, नाहीतर बोल्टचे डोकेच तुटून हातात येते.

बिजागरीबद्दल थोडक्यात सांगता येते, कारण घरी तिच्यात फारसे करण्यासारखे नसते. आरसा मिटणे ही केवळ पार्किंगची सोय नाही. धडक बसल्यावर आरशाने मागे वळावे आणि माणसाला होणारी इजा कमी व्हावी, हाही त्यामागचा हेतू असतो, आणि संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांत त्यासाठी आरशावर लोलकाचा टोला मारून पाहण्याची चाचणीच ठरवून दिलेली आहे. म्हणून बिजागरीत एम-सील भरून ती कायमची बंद करणे हा उपाय नव्हे. अरुंद गल्लीत रिक्षाचा धक्का लागल्यावर मिटून सुटणारा आरसा मग मुळासकट उपटला जातो. काही आरशांत बिजागरीच्या खाली नट असतो आणि तो अर्धा फेरा आवळला की काम भागते. स्प्रिंग जिथे दाबून बसवलेल्या चकतीने धरलेली असते, तिथे ती उघडण्याच्या फंदात पडू नये, कारण ती डोळ्याच्या दिशेने उडू शकते आणि परत बसवणे हाताने जवळजवळ अशक्य असते. खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर आरसा बदलणे हाच मार्ग.

उखळी सांध्याकडे मात्र सावकाश पाहायला हवे, कारण जुन्या गाड्यांत खरी गोम इथेच असते आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. पहिली चूक म्हणजे तेल सोडणे. दाराची बिजागरी कुरकुरली की तेल सोडायचे, ही सवय आपल्या हातात इतकी मुरलेली असते की आरशाच्या सांध्यातही नकळत तेल किंवा ग्रीस जाते. पण हा सांधा घर्षणावर जगतो. तेल मिळाले की जी काच कशीबशी टिकून होती, तीही खाली मान घालते. कोणी आधीच तेल घातले असेल, तर साबणाच्या पाण्याने आणि नंतर स्पिरिटने गोळा व वाटी दोन्ही पुसून कोरडे करावे. अनेकदा एवढ्यानेच सांधा पुन्हा पकड घेतो.

तेवढ्याने न भागल्यास स्प्रिंगचा दाब वाढवावा लागतो. त्यासाठी काच पाटीसकट बाहेर काढावी. काचेची एक कड पूर्ण आत ढकलली की समोरची कड कवचाबाहेर येते. तिथे बोटे घालून पाटी सरळ आपल्याकडे ओढावी. हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि काचेवर आडव्या-उभ्या चिकटपट्ट्या लावून ठेवाव्यात, म्हणजे ती तडकली तरी तुकडे विखुरत नाहीत. प्लास्टिक थंड असेल तर हेअर ड्रायरने किंचित गरम केल्यास क्लिपा मोडत नाहीत. आत पाहिले की काही आरशांत मध्यभागी एक स्क्रू आणि त्याभोवती स्प्रिंग दिसते. हा स्क्रू थोडा आवळावा. तो पूर्ण आवळूनही सांधा सैलच असेल, तर स्प्रिंग थकली आहे असे समजून तिच्याखाली एक-दोन पातळ वायसर घालावेत, म्हणजे ती जास्त दाबली जाते आणि घर्षण वाढते. जिथे स्प्रिंग नसून प्लास्टिकची वाटीच गोळ्याला कवेत धरते, तिथे वाटीत सायकल ट्यूबच्या रबराची अगदी पातळ चकती टाकून पाहता येते. पुरेसे कडक झाले की नाही, याची कसोटी सोपी आहे : काच दोन बोटांनी ढकलल्यावर हलावी, पण दार जोरात आपटल्यावर हलू नये.

आतून दांडीने फिरणाऱ्या काही आरशांत दांडी थेट गोळ्याला जोडलेली नसते, तर तीन बारीक केबल काचेच्या मागच्या पाटीला तीन ठिकाणांहून ओढत असतात. तीन बिंदूंनी एक पातळी निश्चित होते, म्हणून केबलही तीनच. दांडी हलवूनही काच जागची हलत नसेल, तर त्यांपैकी एखादी केबल निसटली किंवा तुटली आहे. हा ढिलेपणा नव्हे, आणि सांधा आवळून तो जाणार नाही. बटणाने फिरणाऱ्या आरशात केबलच्या जागी दोन छोट्या मोटारी असतात. तिथे काच हाताने जबरदस्तीने फिरवू नये, कारण गिअरचे प्लास्टिकचे दाते तुटतात. दाराचे झाकण उघडण्यापूर्वी इग्निशन बंद करावे आणि झाकण निघाल्यावर वायरचा जोड हलकेच सोडवावा, एवढी काळजी पुरे.

चौथा जोड, म्हणजे काच आणि पाटी यांमधला थर, उन्हामुळे मरतो. नागपूरच्या मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या आसपास असते. त्या उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या कवचाच्या आत तापमान त्याहून बरेच चढते, आणि तिथे कार्यालयीन वापराची डबल टेप मऊ पडून सरकू लागते. फेव्हिक्विक पकडते लगेच, पण तिचा थर ठिसूळ असतो, सतत थरथरणाऱ्या जागी तो तुटतो, आणि सुकताना तिच्या वाफेने काचेवर पांढरट धुके चढते ते वेगळेच. भिंतीच्या आणि बेसिनच्या फटीत भरतात ते सिलिकॉनही बघून घ्यावे. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते सुकताना आम्ल सोडते, आणि त्याने आरशामागचा चकचकीत थर डागाळतो. वास न येणारे, न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन मागून घ्यावे. गाड्यांसाठीची जाड फोम टेप हा सर्वांत स्वच्छ उपाय. जुना चिकटा खरवडून, दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटने पुसून, टेप लावल्यावर काच अर्धा मिनिट सर्व बाजूंनी दाबून धरावी. या टेपची पूर्ण पकड यायला सुमारे ७२ तास लागतात, त्यामुळे पहिला दिवस तरी गाडी धुण्याच्या पाइपपासून दूर ठेवावी.

काच फुटलीच असेल तर फोटो फ्रेमच्या दुकानातून साधा आरसा कापून लावण्याची पद्धत जुनी आहे, आणि उजव्या बाजूचा मूळ आरसा सपाट असेल तर ती चालतेही. मात्र घरगुती आरसा जाड, म्हणून जड असतो, आणि तेवढ्या जास्तीच्या वजनाने उखळी सांधा पुन्हा सैल होतो; जितका पातळ मिळेल तितका घ्यावा. काचेवर ब्लाइंड स्पॉटसाठी, म्हणजे एरवी आरशात न दिसणाऱ्या भागासाठी, चिकटवलेले छोटे गोल आरसेही वजनात भर घालतात. डावीकडचा आरसा बहुधा बहिर्वक्र असतो. त्यात वस्तू लहान व दूर भासतात, पण दिसणारा भाग मोठा असतो. त्याजागी सपाट काच बसवली तर डावीकडून येणारी दुचाकी दिसायच्या आतच चाकाजवळ पोहोचलेली असते. हा बदल करू नये.

कवचाला किंवा पायाला तडा गेला असेल तर चिकटवण्याआधी आतल्या बाजूला कोरलेली प्लास्टिकच्या प्रकाराची अक्षरे पाहावीत. एबीएस असेल तर दोन भागांचे अरल्डाइट चांगले धरते. पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरखरीत करून ते लावावे आणि रात्रभर हात लावू नये. पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन असेल तर त्यावर घरातले कोणतेच गोंद टिकत नाही, आणि बंपर दुरुस्त करणाऱ्याकडून प्लास्टिक वेल्डिंग करून घेणे शहाणपणाचे ठरते. तडा पायाच्या बोल्टांच्या कानात असेल तर मात्र दुरुस्तीचा हट्ट सोडावा, कारण सर्व भार तिथेच येतो. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत बंद झालेल्या गाड्यांचेही आरसे सापडतात. विकत घेताना बाजू, बोल्टांमधले अंतर आणि आतली दांडी या तिन्ही गोष्टी जुन्या आरशाशी ताडून पाहाव्यात, आणि आपण वर केलेली बोटांची परीक्षा दुकानातच करावी. वापरलेल्या आरशाचा उखळी सांधा आपल्या जुन्या आरशाच्या सांध्याइतकाच थकलेला निघण्याची शक्यता असते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची झाली की नूतनीकरणासाठी आरटीओकडे तपासणीला न्यावी लागते. चिकटपट्टीने बांधलेला आरसा घेऊन तिथे जाणे टाळावे.

सगळे जागी बसल्यावर नेहमीच्या आसनावर, नेहमीच्या बसण्याच्या पद्धतीने बसून आरसा लावावा : आपल्या गाडीची कड जेमतेम रेघेएवढी दिसावी आणि क्षितिज साधारण मध्यावर यावे. मग दार चार-पाच वेळा आपटून, एकदा खराब रस्त्यावरून आणि एकदा ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने गाडी चालवून पाहावी, कारण खड्ड्यांनी पाया आणि सांधा यांची परीक्षा होते, तर वाऱ्याने बिजागरीची. पायाचे रबर बदलले असेल तर ते पहिल्या काही आठवड्यांत थोडे बसते, म्हणून आतले त्रिकोणी झाकण पुरते ठोकून न बसवता तोवर अलगद लावून ठेवावे आणि महिनाभराने १० नंबरचा पाना एकदा फिरवून मगच ते पक्के दाबावे.